मिस्त्रीचा पलंग सुटत नाही

आमच्या घरात सुतारकाम करते ती, मी नव्हे. मी शिवते. तिला सगळे मिस्त्री म्हणतात. तिच्या कारखान्यात नवं गिऱ्हाईक आलं की गंमत होते. "मिस्त्री आहेत का?" असं विचारून माणूस तिच्या खांद्यावरून मागे बघत राहतो. ती समोर उभी असते, केसांत भुसा, कानावर पेन्सिल. "बोला," ती म्हणते. "नाही, मिस्त्रींशीच बोलायचं होतं." "मग बोला ना!" असल्या वेळी त्या माणसाला मापाच्या टेपनं खांबाला बांधून ठेवावं असं मला वाटतं. तिला मात्र हसू येतं. तिला राग येतो तो फक्त डुगडुगणाऱ्या खुर्चीचा.

आणि तिचा जीव आहे तो सरसावर. सरस म्हणजे लाकूड चिकटवायचा तो चिकट काढा. खिळा ठोकणं म्हणजे लाकडावर जबरदस्ती, असं तिचं ठाम मत. जोड नीट बसवायचा, सरस लावायचा, शिकंज्यात आवळायचा आणि मग त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही. दोन लाकडं एकमेकांसमोर आली की तिचा हात आपोआप सरसाच्या डब्याकडे जातो. डोकं दुसरीकडे असलं तरी हात तिकडेच. हे लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ यानंच घातला.

आमची ओळख झाली ती एका खिशामुळे. माझ्या शिवणाच्या दुकानात ती फाटलेल्या खिशाची पँट घेऊन आली. खिशात टेप, पेन्सिली, स्क्रू, एक छोटी पटाशी, काय नव्हतं! मी म्हटलं, "खिशात घर घेऊन फिरता का हो?" ती म्हणाली, "घर अजून व्हायचंय." मी जाड कापडाचा खिसा लावून दिला. आठवड्यात परत फाटला. पुन्हा लावला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा मी फाटलेली कड उजेडात धरली. कापड झिजून फाटलं तर धागे लोंबतात. ही कड अगदी सरळ होती. पटाशीनं कापला होता खिसा, बाईनं! मी तिच्याकडे बघितलं, ती कानापर्यंत लाल झाली. "दुसरं काही निमित्त सुचेना," म्हणाली. मी दुकानाला कुलूप लावलं आणि आम्ही चहा प्यायला गेलो. त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

मग आम्ही भाड्याच्या जागेत एकत्र राहायला लागलो. घरमालकाचे दोन लोखंडी पलंग होते, एकेका माणसाचे. मिस्त्रीनं ते शेजारी आणले आणि पायांना कड्या लावल्या. तरी मधली फट राहायचीच. माझी कात्री, तिची पेन्सिल, एकदा तर माझा चष्मा, सगळं त्या फटीत गेलं.

आई यायची असली की कड्या सोडायच्या. एक पलंग या भिंतीला, दुसरा त्या भिंतीला, मध्ये टेबल, टेबलावर पाण्याचा तांब्या. दोन मैत्रिणी, भाडं अर्धं अर्धं, असा देखावा. आई बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपायची.

आई म्हणजे हॉस्पिटलातली सिस्टर, निवृत्त झाली तरी चाल तीच, खोलीत शिरली की आपण उगाच सरळ बसतो. येताना दर वेळी दोन पांढऱ्या चादरी आणायची, सिंगलच्या. एक माझ्या पलंगावर, एक मिस्त्रीच्या. स्वतः घालायची. कोपरे असे दुमडायची की झोपायला आत शिरताना पाकिटात शिरल्यासारखं वाटावं. मिस्त्रीशी बोलायची ती अहोजाहो करून. "मिस्त्रीबाई, चहा घेणार का?" मिस्त्री घाबरून नको म्हणायची आणि मग चहासाठी तळमळायची.

हळूहळू आई येईनाशी झाली. आधी वर्षातून चारदा यायची, मग दोनदा, मग फोनवरच. "गुडघे दुखतात गं." "मांजराला कोण बघणार?" मांजर तिचं स्वतःचं, जाडजूड, शेजारणीकडे जास्त राहणारं. मी काय समजायचं ते समजले. तिला कळलंय, आणि तिला नकोय. मिस्त्री म्हणायची, "विचार ना सरळ." मी तिच्यावर खेकसायची. विचारलं आणि आई म्हणाली हो, नकोय मला, तर? न विचारता निदान फोन तरी येत होता.

आणि मग आम्ही घर घेतलं! आमचं! एका पिठाच्या गिरणीच्या वर, जिना अरुंद, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, दिवसभर खालून घरघर. किल्ली हातात आली तेव्हा मी जिन्यातच नाचले. मिस्त्रीनं प्रत्येक दरवाजा उघडून लावून बघितला, बिजागऱ्यांना नावं ठेवली, आणि मग न्हाणीघरात जाऊन रडली. बाहेर येऊन म्हणाली, "डोळ्यांत भुसा गेला." रिकाम्या घरात भुसा कुठला? दारावरच्या पाटीवर तिनं आमची दोघींची नावं कोरली, एकाखाली एक. कुणाचं वर यावरून आम्ही दोन दिवस भांडलो. प्रत्येकीला दुसरीचं वर हवं होतं.

आईला फोन केला. "घर घेतलंय. बघायला ये." ती म्हणाली, "येते. दोन दिवस. मांजराचं बघते काहीतरी."

मी हवेतच होते. पडदे शिवले, उशांचे अभ्रे शिवले, आईच्या दिवाणाला नवी खोळ घातली. आणि मिस्त्रीनं पलंग करायला घेतला. मोठा, एकच, सागवानी. कारखान्यात तुकडे घडवायचे आणि खोलीत आणून जोडायचे, कारण अख्खा पलंग त्या जिन्यातून वर चढला नसता. ती गाणं गुणगुणत रंधा मारत होती आणि मी तिथं जाऊन म्हटलं, "दोन भागांत कर."

"म्हणजे?"

"मधोमध बोल्ट लाव. आई आली की सोडता येईल असा."

रंधा थांबला. "आपल्या घरात?" तिनं विचारलं.

"एकदाच. आधी तिला घर आवडू दे. मग मी सांगते."

तिनं रंध्यातला भुसा फुंकून काढला. मग म्हणाली, "बरं. बोल्ट तर बोल्ट." गुणगुणणं मात्र बंद झालं. मला कसंतरीच वाटलं, पण आई येणार होती. मला तेवढंच दिसत होतं.

पलंग खोलीत बसला तेव्हा मी त्यावर उड्या मारल्या. कुरकुर नाही, फट नाही. हात पसरले तर पसरूनच राहिले. आयुष्यात पहिल्यांदा माझा चष्मा सकाळी जिथं ठेवला तिथंच सापडला.

आईच्या येण्याच्या दिवशी सकाळी मी पाना आणला. आईची बस दुपारची होती. मिस्त्रीनं खाली वाकून बोल्ट काढले, एकेक करून खिशात टाकले. "धर तुझी बाजू," म्हणाली. मी धरली. ओढलं. काही नाही. परत ओढलं. अख्खा पलंग जरासा माझ्याकडे कलला, मिस्त्रीसकट.

"बोल्ट राहिला असेल एखादा."

"सगळे खिशात आहेत."

तिनं मधल्या जोडावरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. मग तिचा चेहरा असा झाला की मला न बोलताच कळलं.

"तू सरस लावलास?"

"मी नाही लावला. म्हणजे... लागला."

"लागला? पलंगाला आपोआप घाम फुटला का सरसाचा?"

"अगं, दोन पट्ट्या समोरासमोर आल्या. हात गेला. मी तुझ्या आईला काय करून घालावं याचा विचार करत होते!"

"काढ मग आता!"

"निघत नाही."

"निघत नाही म्हणजे काय?"

"म्हणजे मी लावलाय," ती म्हणाली, आणि तशा अवस्थेतही तिच्या आवाजात जरा अभिमान होता. मी उशी फेकून मारली.

मग आम्ही काय नाही केलं! मी पाय लावून ढकललं. तिनं लाकडी हातोड्यानं ठोकलं. गरम पाण्याची फडकी ठेवली. मी म्हटलं, करवत आण. ती पलंगासमोर अशी उभी राहिली की जणू मी तिच्या पोटच्या पोराला हात लावणार होते. "माझ्या हातानं? हा? नाही." पलंग बाहेर काढावा तर दारातून जाईना. दार लावून ठेवावं तर आई घर बघायलाच येत होती. मिस्त्रीनं शेवटी सुचवलं, "मी बाहेर झोपते म्हणून सांग." "कुठं? दिवाणावर आई आहे, टेबलावर माझं मशीन आहे. तू काय पडद्याला लटकणार?" मला रडूही येत होतं आणि हसूही. मिस्त्रीही हसायला लागली, आणि आम्ही दोघी त्या हट्टी पलंगाला टेकून जमिनीवर बसून खिदळत होतो तेव्हा बेल वाजली. आई. आधीच्या बसनं आली होती.

गुडघे दुखणारी बाई तो उभा जिना एका दमात चढून आली होती. दारावरची पाटी तिनं चष्मा लावून वाचली. मग घराची फेरी सुरू झाली, वॉर्डातली असायची तशी. स्वयंपाकघरात नळ सोडून बघितला. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं. माझे पडदे उलटे करून टीप तपासली. मी मागोमाग बडबडत होते, गिरणी, पाणी, शेजार, तोंडाला येईल ते. मिस्त्री भिंतीला चिकटून चालत होती.

आई आतल्या खोलीत शिरली आणि थांबली.

पलंगावर चादरसुद्धा नव्हती. ओढाताणीत गादी तिरकी झाली होती, जमिनीवर पाना पडला होता. आईनं पाना बघितला. मग पलंगाकडे बघितलं, आणि मग फरशीकडे. बराच वेळ फरशीकडेच.

"इथं ओरखडे नाहीत," ती म्हणाली.

मला कळेना. "कसले ओरखडे?"

"त्या जागेत असायचे. दर वेळी नवे. पलंग ओढल्याचे. अगं, मी जन्मभर पलंगच सरकवले. कुठला कुठून कुठं गेला ते मला फरशी सांगते." ती गादीच्या कडेला बसली. "मी आले की माझी मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपायची. आणि ही त्या भिंतीकडे. मी बाहेर दिवाणावर पडून ऐकायची, दोघींपैकी एकीलाही झोप नाही. मग म्हटलं, आपण जाऊन दोघींना कशाला तोडायचं? यायचं बंद केलं."

"आणि गुडघे?" मी विचारलं.

"ठणठणीत आहेत."

मला एवढा राग आला! इतकी वर्षं! मी ओरडले, खरंच ओरडले, "मग बोलली का नाहीस?"

"तू कुठं बोललीस? पेशंट स्वतःहून सांगत नाही तोवर आपण चादर ओढून बघायची नसते," आई म्हणाली. मी तिच्या मांडीत डोकं खुपसलं आणि पोटभर रडले. ती माझ्या पाठीवर थोपटत राहिली. मिस्त्री दारात उभी होती, खिशातल्या बोल्टांशी चाळा करत.

आईनं नाक पुसलं आणि पिशवी पुढे ओढली. नेहमीच्या दोन चादरी निघाल्या. पांढऱ्या, सिंगलच्या. तिनं एक पलंगावर टाकली. अर्धा पलंग उघडा. दुसरी टाकली, मधे दोन्हींच्या कडा नुसत्या टेकल्या. तिनं भुवया आकसल्या.

"मशीन चालू आहे का?"

"आहे."

"मग जोड या. मधे टीप घाल, बारीक, अंगाला टोचायला नको. आणि दोनदा घाल."

मी डोळे पुसत मशीनवर बसले. आयुष्यात लग्नाचे कपडे शिवले, बारशाचे शिवले, पण एवढी सरळ टीप मी कधी घातली नाही. खाली गिरणी चालू झाली, वर माझं मशीन, आणि आई मिस्त्रीला विचारत होती की हा जोड कसला, इतका पक्का कसा. मिस्त्री सरसाबद्दल बोलायला लागली की थांबत नाही. पहिल्यांदाच ती आईसमोर न घाबरता बोलत होती. सरस हातातून आपोआप कसा लागला हे ऐकून आई इतकी हसली की तिला ठसका लागला. खरंच आपोआप लागला का? मी अजून विचारते, मिस्त्री अजून शपथ घेते. पण मी तो खिसा बघितलेला आहे.

चादर घेऊन मी आत आले. आई एका बाजूला उभी राहिली. "धर गं ते टोक," मिस्त्रीला म्हणाली. "असं नाही. आधी खाली दाब, मग कोपरा उचल. पाकिटासारखा. इतकी हुशार पोरगी आणि चादर घालता येत नाही?" मिस्त्रीनं कोपरा दुमडला, चुकला, पुन्हा दुमडला. तिचे कान पुन्हा लाल झाले होते. आईनं तळव्यानं चादर सपाट केली, मधल्या शिवणीवरून हात फिरवला, आणि म्हणाली, "चहा कर. हिलाही दे, मला माहितीये हिला हवा असतो."

मग फोन घेऊन खिडकीशी गेली. शेजारणीचा आवाज असा खणखणीत की आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"मांजर राहू दे तुमच्याकडे आठवडाभर," आई म्हणाली. "नाही, दोन दिवसांत नाही येत. घर छान आहे. पलंग तर काय केलाय म्हणून सांगू! सुनेनं केलाय."

"सुनेनं?" पलीकडून आवाज आला. "अहो, तुम्हाला मुलगा कुठं आहे?"

"मुलगा कशाला लागतो?" आई म्हणाली. "मुलगी आहे ना मला!"

आत मिस्त्रीच्या खिशातून सगळे बोल्ट खाली सांडले.