सातवं पान

"मामा, वाचनगट चारचा. सव्वाचार झाले! प्रती कुठायत?"

"ह्या घ्या. पण बाई, ओरडायच्या आधी ऐकाल तरी?"

"काय ऐकू? बारा प्रती काढायला अर्धा तास?"

"तुम्ही दिलेल्या कागदांत सातवं पानच नव्हतं. ग्रंथालयातून पुस्तक आणून काढलं."

प्राध्यापक बाई थबकल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"सहाव्या पानावर तो माणूस बोटीत चढतो, आठव्यावर परदेशात दुकान चालवतो. मधली वर्षं काय हवेत गेली?"

मामा कॉलेजच्या साहित्य विभागाचे शिपाई. एकोणीस वर्षं दर गुरुवारी ते खुर्च्या गोलात मांडत आणि देशोदेशींच्या गोष्टींवरची चर्चा दाराबाहेर स्टुलावर बसून ऐकत. आत बसायची इच्छा त्यांनी फक्त बायकोला सांगितली होती. ती म्हणाली होती, "शहाण्यांच्या पंगतीत शिपायाला कोण बसवतंय?"

बाईंनी गठ्ठा मोजला. "या तर तेरा आहेत."

"एक माझी. दर वेळी काढतो."

"आणि हे आज सांगताय? बरं, आज आत बसणार की पुन्हा दाराला कान लावणार?"

मामा बाहेर गेले. दाराबाहेरचं स्टूल उचलून त्यांनी ते आत, खुर्च्यांच्या गोलात आणून ठेवलं.