उकंडरावांचा न सुटणारा चातुर्मास

आमच्या घरधन्याचं नाव उकंडराव. तोंडानं ते मी जन्मभर घेतलं नाही. कागदावर घेतलं तर चालत असेल, असं धरून लिहिते. धामणगाव बढ्याजवळ आमचा मळा होता. वांगी, मिरची, लसूण. महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. ह्यांचं वय पंचेचाळीस, लेकरं तीन, आणि विड्यांचा कट्टा दिवसभर पुरायचा नाही.

त्या साली आषाढी एकादशीला ह्यांनी ओसरीवर घोंगडं टाकलं आणि चार लोकांत सांगितलं, "औंदा चातुर्मासाचा नेम धरला. भुईवर निजीन, एकटा निजीन."

आमच्याकडं चातुर्मासात कोणी वांगं सोडतं, कोणी कांदा-लसूण. वांगी-लसूण विकून पोट भरणाऱ्यानं ते कसं सोडावं? म्हणून उकंडरावांनी बायको सोडली, असं लोक समजले. मला खरं ठाऊक होतं. उन्हाळ्यापासून चार-पाचदा हे हिरमुसून भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी म्हटलं, दमले असतील. पुढं एकादशी धावून आली, बस.

कार्तिकी आली. सगळ्यांचे नेम सुटले. माझ्या थोरल्या जावेनं, सत्यभामाबाईनं, सकाळीच भरीत केलं. ह्यांचं घोंगडं काही ओसरीवरून हललं नाही.

"आता काऊन?" मी विचारलं.

"देवाले आखीन सा महिने बोललो."

ते सहा महिने झाले, मग पुढचे सहा. गावात नाव झालं. संसारात राहून असा संयम म्हणजे काय खायचं काम आहे का! जाऊ मला म्हणायची, "अंबू, तुह्या घरी साधू हाये वो बाई! आमचे हे तं एकादशीलेबी गप बसत नाईत," आणि तोंडाला पदर लावून हसायची.

"हाव बाई, नशीब लागते," मी म्हणायची.

मळ्यातून गावात यायचं म्हणजे अर्धा कोस. पूर्वी हे भरली पाटी घेऊन एका दमात यायचे. आता तीनदा थांबत. पोटरी धरून उभे राहत, दुखणं उतरलं की चालू लागत. लोक म्हणाले, थांबून थांबून नाम घेतात. नवीन जोडपी पाया पडायला येऊ लागली. मूल नसलेल्या एका सुनेनं ह्यांच्या हातून नारळ नेला आणि वर्षाच्या आत तिला मुलगा झाला. नारळ ह्यांनी दिला होता. बाकीचं तिच्या नवऱ्यानं पाहिलं असेल. पण पेढे आमच्याकडं आले. ह्यांना एकही गोड लागला नाही.

मग एके दिवशी विहिरीच्या पायऱ्या चढताना ह्यांच्या छातीवर कोणी बसावं तसं झालं. घामानं सदरा भिजला. मी हात धरून वर आणलं आणि म्हटलं, "उद्या बुलडाण्याले डॉक्टरकडं चालायचं."

"नाई."

"काऊन नाई?"

"डॉक्टर सारं इचारते."

"मंग सांगा सारं."

"काय सांगू?" हे एकदम ओरडले. "गावानं साधू केला. आता नामर्द म्हणून वापस येऊ?"

दोन वर्षांत पहिल्यांदा ती गोष्ट आमच्यात शब्दानं आली. मला रडू यायला पाहिजे होतं, पण रागच आला. म्हटलं, "साधूची तिरडीबी चौघंच उचलतात. मले रांडव करून मोठेपणा मिरवता का?"

दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं एस.टी.त बसले.

डॉक्टर भालचंद्र म्हणून होते, शांत माणूस. त्यांनी छाती ऐकली. पावलांवर, मांडीच्या सांध्यात बोटं ठेवून नाडी शोधत बसले. चालताना दुखतं का, थांबल्यावर थांबतं का, सगळं विचारलं. मग हळूच म्हणाले, "आणि नवरा-बायकोचं कसं आहे?"

हे म्हणाले, "माहा चातुर्मास चालू हाये."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. "आत्ता तर माघ आहे, उकंडराव."

मीच पदर सावरून म्हटलं, "चातुर्मास नाई डॉक्टरसाहेब. दोन वर्सं झाले, होत नाई त्याईले."

ह्यांनी मान जी खाली घातली, ती डॉक्टर बोलू लागले तरी वर केली नाही. डॉक्टर म्हणाले, "यात लाजायचं काय? रक्ताच्या नळ्या आतून बुजत चालल्या आहेत. पोटरीचं, छातीचं, याचं, सगळ्याचं मूळ एकच."

हे जमिनीकडं पाहतच बोलले, "म्हंजी पाटात गाळ बसला. मंग शेवटचा वाफा आधी सुकते."

"अगदी तसंच."

"मीच खुळा. मळ्यात वाफा सुकला तं पाट पाहतो. इथं वाफ्यालेच लाजत बसलो."

विडी बंद, तळलेलं बंद, गोळ्या चालू. आणि रोज चालायचं, दुखलं की थांबायचं, पुन्हा चालायचं. उठता उठता ह्यांनी विचारलं, "आन् ते वापस येईन का?"

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. "सांगता येत नाही. आधी जीव सांभाळा."

गावात आलो तर तऱ्हा निराळीच. उकंडरावांनी विडी सोडली, तेल सोडलं, रोज शिवेवरच्या मारुतीपर्यंत थांबत थांबत जातात. नेम आणखी कडक केला म्हणे! घोंगडं अजून ओसरीवरच. लोकांना काय सांगायचं, हे ह्यांना सुचत नव्हतं.

पुढची आषाढी जवळ आली तसे ह्यांचे जोडीदार पंजाबराव घरी आले. चार पावलांचं अंगण, तरी मध्ये थांबून आले. बसल्यावर म्हणाले, "उकंडराव, औंदा मीबी तुमच्यावानी नेम धरतो. एकटा निजतो."

मी चहा घेऊन दारातच थांबले. ह्यांनी पंजाबरावांकडं नीट पाहिलं. त्यांच्या हातातली विडी पाहिली.

"पंजाबराव, चालतानी पोटरी दुखते का बे?"

पंजाबराव दचकले. "तुमाले कसं समजलं?"

"बायको भली, पण आंग साथ देत नाई. असंच नं?"

पंजाबरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं. हे म्हणाले, "माहा नेम नोता गड्या तो. तेच दुखणं होतं. दोन वर्सं देवाच्या नावावर खपवलं आन् मरता मरता राह्यलो. उद्या सकाळच्या गाडीनं चाल माह्यासंगं."

पंजाबरावांच्या तोंडी तीळ भिजत नाही, हे ह्यांना चांगलं माहीत होतं. तरी सांगितलं. हे मला त्या दिवशी साधू वाटले. लोकांना मात्र तेव्हापासून वाटेनासे झाले. नारळ बंद, पेढे बंद. जावेनं आठ दिवस माझ्याकडं पाहायचं टाळलं.

दोघं बुलडाण्याला गेले त्या दिवशी मी ओसरीवरचं घोंगडं उचलून विहिरीवर नेलं आणि आपटून आपटून धुतलं. संध्याकाळी हे आले, रिकामी ओसरी पाहिली.

"माहं घोंगडं?"

"वाळून राह्यलं. घरात या."

आत येऊन पाय लांब करून बसले. मी पोटरीला तेल लावायला घेतलं. बाकी काही परत आलं का, म्हणून पुढं जावेनं खोदून विचारलं. तिचं तोंड बंद करायला मी तिला वांग्याचं भरीत वाढलं.