गैरहजर म्हणजे प्यायलेला

दारू सोडवण्याच्या त्या वॉर्डात तिला सगळे कॅलेंडरबाई म्हणत. वॉर्ड दहा खाटांचा, आणि टोकाला तिची खोली: एक टेबल, दोन खुर्च्या, तोंडाने फुंकून दारू तपासायचं यंत्र. उपचार घेऊन घरी गेलेला माणूस सहा महिन्यांनी तपासणीला आला, की बाई त्याच्यापुढे कॅलेंडर ठेवून मागच्या नव्वद दिवसांतल्या एकेका दिवसाचं विचारणार. प्यालात का? किती? आठवत नाही म्हणायची सोय नव्हती. मेव्हणा कधी आला होता, दाढ कधी काढली, असं करत करत ती सगळं बाहेर काढायची, बायकोलाही न सांगितलेलं.

नियमाला मात्र बाई भारी कडक. तपासणीला जो येणार नाही, तो पुन्हा प्यायला लागला असं धरायचं, हा तिच्या गुरूंचा नियम. खोट्या आशेपेक्षा कडू आकडा बरा, असं ते म्हणायचे. नियम गुरूंचा, पण तोरा हिचा! बारा वर्षं तो मिरवला.

एका सोमवारी तो उतरला. अधीक्षकांनी बोलावून सांगितलं की तुमच्याच अहवालाप्रमाणे वर्षभरातल्या साठांपैकी जेमतेम चौदा जणांची दारू सुटली. एवढ्यासाठी वॉर्ड कशाला चालवायचा, शुक्रवारच्या बैठकीत बंद करून टाकू. तिचे वडील दारूपायी गेले. तेव्हा असा वॉर्ड नव्हता, त्यांना घरात कोंडून ठेवत. म्हणून तर ती या कामात पडली होती, आणि आता तिच्याच आकड्यांनी वॉर्डाला कुलूप लागणार होतं.

नवरा शाळामास्तर. त्याने सगळं ऐकून घेतलं, न आलेले किती ते विचारलं. अठ्ठावीस, ती म्हणाली.

"माझ्या वर्गात पोरगं आलं नाही तर मी त्याला नापास करत नाही," तो म्हणाला. "घरी जाऊन विचारतो."

बाई तणतणत आत निघून गेली. वर्मावर बोट ठेवलं की माणूस असाच रुसतो.

मंगळवारी सकाळी ती यादी घेऊन निघाली. घरी येऊन भेटलं तरी चालेल, असं या सगळ्यांनी आधीच लिहून दिलेलं होतं. पण जातंय कोण! पहिल्या घरी म्हातारी आई म्हणाली, तो कामावर गेलाय. दुसऱ्या घरी बायको म्हणाली, कामावर. तिसऱ्या घरीही तेच. चौथ्या घराचा जिना चढता चढता बाई थांबली. तिची तपासणी दहा ते एक. त्या वेळेला मोकळा कोण असतो? ज्याला काम नाही तो! दारू सुटली, काम मिळालं, तो कशाला रजा टाकून दारुड्यांच्या दारात येऊन बसेल? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही बारा वर्षं.

मग तीन दिवस ती गॅरेजांत, बेकरीत, बांधकामांवर फिरली. मांडीवर कॅलेंडर, पिशवीत यंत्र. अठ्ठावीसांपैकी एकोणीस जणांनी थेंबाला हात लावला नव्हता. नऊ जण पीतच होते. त्यांचंही तिने खरं तेच लिहिलं.

बैठकीत अधीक्षकांना शंका आलीच, की ऐन वेळी चौदाचे तेहतीस झाले कसे.

"ते आधीपासून तेहतीसच होते, साहेब," ती म्हणाली. "मी बघायला गेले नव्हते. चूक माझी आहे."

अशी कबुली त्या खोलीत कुणी कधी ऐकली नसावी. वॉर्डाला वर्षभराची मुदत मिळाली, आणि तपासणी संध्याकाळी ठेवायचं ठरलं.

पहिल्या संध्याकाळी यादीतले पाच जण येऊन गेले. बाई आवराआवर करत असताना केस पिकलेला एक माणूस दारात येऊन उभा राहिला. हा काही यादीतला नव्हता. नऊ वर्षांपूर्वी तो इथे उपचार घेऊन गेला होता, लगेच कारखान्यात लागला, सकाळी सुटी कधी मिळालीच नाही. त्यानंतर दारूला शिवलो नाही, म्हणाला. आता वेळ बदलली असं कळलं, म्हणून आलो.

बाईने कपाटातून जुनी वही काढली. त्याच्या नंबरापुढे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: पुन्हा प्यायला लागला.

"सहा महिन्यांची तपासणी राहिली होती माझी," तो ओशाळून म्हणाला. "फार उशीर झाला का?"

"झाला," ती म्हणाली, "पण तो माझ्याकडून. बसा."