फक्त डावीकडे वळणारी आई

मला स्कूटी चालवता येते, पण फक्त डावीकडे.

उजवीकडे वळण्याची कला मला अवगत नाही असं नव्हे. धीर होत नाही. उजवीकडे वळायचं म्हणजे समोरून येणाऱ्या टेम्पोच्या तोंडासमोरून जायचं, आणि तेही हात दाखवून! डावीकडे कसं, मुकाट्यानं वळावं. शिवाय लातूरचा भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते. त्या पहाटेपासून पायाखाली जरा थरथरलं की मी उघड्यावर धावत सुटते. आणि स्कूटी तर सुरू केल्यापासून थरथरतच असते.

अशी मी, मुखेडहून लातूरला येऊन दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिले. कारण पल्लवी, माझी मुलगी, हिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि आमच्याकडे डॉक्टर व्हायचं म्हणजे आधी लातूरला क्लास लावायचा. क्लास घरापासून एक किलोमीटर. माझ्या डाव्या वळणांच्या रस्त्यानं तीन. पल्लवी मागच्या सीटवर बसून भौतिकशास्त्राचं पुस्तक वाचायची. घाईच्या दिवशी मात्र ती चालत जायची.

आमच्याबरोबर माझे सासरे, अप्पा, राहायला आले. (खोल्या पत्र्याच्या घेतल्या त्यांच्यामुळंच. भूकंपानंतर स्लॅबखाली झोपणार नाही, हा त्यांचा पण.) तरुणपणी अप्पांनी मुखेड ते जळकोट धान्याची बैलगाडी हाकली होती, त्यामुळं वाहतूक या विषयात ते स्वतःला तज्ज्ञ समजत. त्यांच्या काळी म्हणे दोनच कायदे होते. रात्री गाडीखाली कंदील पाहिजे, नाहीतर पोलीस अडवायचा. आणि रिकाम्या गाडीनं भरल्या गाडीला वाट द्यायची. बाकी सगळं बैलांना ठाऊक असायचं. आताचे सिग्नल, पट्टे, बाण बघून ते मला विचारायचे, की हे सगळं बैलाला कसं समजावं?

परीक्षेचं केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला आलं. गेट दीडला बंद होणार, म्हणजे होणारच. मी आठवडाभर रस्त्याची तालीम केली. सात डावी वळणं, एकही उजवं नाही. तरीपण ऐनवेळी धोका नको म्हणून रिक्षा ठरवली. ऐनवेळी रिक्षावाल्याचा फोन लागेना. साडेबारा वाजले, मग पाऊण. शेवटी मी चावी घेऊन स्कूटीकडे आले, तर मागे अप्पा बसलेले. धोतर आवरून, एका हातात पाण्याची बाटली घेऊन. नातीला सोडायला ते येणारच होते. तिघांनी बसायचं नसतं, हे मी सांगून पाहिलं. पण त्यांना उतरवण्यात दहा मिनिटं गेली असती, कारण चढण्यात तेवढीच गेली होती.

पल्लवी मध्ये बसली. रस्त्यापेक्षा मला तिचीच जास्त भीती वाटत होती.

सहावं वळण मोठ्या चौकात होतं. तिथं बांबू आडवे बांधलेले. परीक्षेच्या गर्दीमुळं डावा रस्ता बंद! पोलिसानं उजवीकडे जा म्हणून हात केला. उजवीकडून ट्रक, बस आणि उसाचा ट्रॅक्टर येत होता. मी सरळ गेले.

पुढं डावीकडे वळले. मग आणखी एकदा, मग आणखी दोनदा. चार डावी वळणं घेतली की माणूस निघाल्या जागीच येतो, ही भूमिती पल्लवीला लहानपणी मीच शिकवली होती. पुन्हा तोच चौक, तोच पोलीस. या वेळी त्यानं चावीच काढून घेतली.

"ताई, तिघंजण?"

माझ्या आधी अप्पांनीच कायदा सांगितला. "साहेब, भरल्या गाडीला वाट द्यायची रीत हाय."

"आजोबा, ही भरलेली न्हाई," पोलीस म्हणाला, "उतू चाललीय."

एक वाजून वीस मिनिटं झाली होती. मला रडू फुटायला लागलं. पल्लवी शांतपणे उतरली आणि तिनं त्याच्यापुढं हॉल तिकीट धरलं. त्यानं एकदा तिकीट पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं, जोडीदाराला चौक सांभाळायला सांगितला, बांबू वर उचलला आणि पल्लवीला मोटारसायकलवर बसवून बंद रस्त्यानं नाहीसा झाला.

तिची वेणी दिसेनाशी झाली तशी माझ्या पायाखालची जमीन हलायला लागली. मी सवयीप्रमाणं उघड्यावर धावले. चौकात सगळ्यात उघडी जागा मधोमध असते. ट्रक थांबला, बस थांबली, ट्रॅक्टर थांबला. अप्पा कडेला उभे राहून सगळ्यांना सांगत होते, भूकंप नाही, पोरीची परीक्षा हाय. मला धरून सावलीत आणलं तेव्हा कळलं, हलत होते ते माझेच गुडघे.

थोड्या वेळानं पोलीस परत आला. पल्लवी वेळेत आत गेली होती. तेव्हा गेट बंद व्हायला दोन मिनिटं होती. मी त्याला हात जोडले. अप्पांनी त्याला बाटलीतलं पाणी दिलं. त्यानं पाणी पिऊन पावती फाडली, ती मी आनंदानं घेतली आणि चावी मागितली.

चावी पाच वाजता मिळेल, असं तो म्हणाला.

पावती तर फाडली, मग चावी का नाही, असं मी विचारलं. तो बिचारा संकोचला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुमच्या पोरीनंच सांगितलंय, ताई. म्हणाली, पेपर सुटेपर्यंत मम्मीला हितंच बसवून ठेवा. न्हाईतर मला घ्यायला ती आत्ताच निघंल."

मी चावी त्यासाठीच मागत होते.