पहिली दहा मिनिटं

वादळानंतरचा तिसरा दिवस. वेलचेरीत आमच्या इमारतीभोवती गुडघाभर पाणी, वीज नाही, पिण्याच्या पाण्याचा कॅनवाला येत नाही. वरच्या टाकीत पाणी होतं, पण बोअरचं, खारं. उकळून जंतू मरतात, मीठ जात नाही. मोठी माणसं तोंड वाकडं करून घोटभर पीत होती. दुसऱ्या मजल्यावरचं दीड महिन्याचं बाळ मात्र पावडरच्या दुधावर होतं, आणि खाऱ्या पाण्यात दूध कालवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांच्या घरातलं शेवटचं गोडं पाणी त्या सकाळी संपलं.

गच्चीवर खाऱ्याचं गोडं करणारं आमचं छोटं यंत्र होतं. सौर पॅनेल आणि दोन बॅटऱ्यांवर चालणारं. मी इमारतीची सेक्रेटरी, त्यामुळे बॅटरीच्या वापराची यादी माझी. एक, मोबाईल चार्जिंग. दोन, जिन्यातले दिवे. तीन, पाणी. यादी केली तेव्हा कॅन भरलेले होते. संपले तेव्हा ती बदलायला हवी होती. मी बदलली नाही.

दुपारी बाळाची आजी स्टीलची कळशी घेऊन वर आली. ती मूळची तंजावरची मराठी. आभाळ गच्च होतं. बॅटरीच्या पाच दिव्यांपैकी दोनच पेटत होते. मी पंप लावला. धार आली, आणि मी खाली बादली सरकवली.

"अय्यो, कळशी ठेव की गे!"

"आजी, यंत्र दोन आठवडे बंद होतं. पहिली दहा मिनिटं खारटच येतं. हे भांड्यांना होईल."

"भुकेलं लेकरू तुझी मिनिटं मोजत बसेल?"

तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनीअर पाण्यातला खारटपणा मोजणारा मीटर धारेत धरून उभे होते. "अकराशे," ते म्हणाले. "मॅडम, तुमच्या यादीत ऊन कितव्या नंबरला आहे?"

मी मीटरकडे वाकले. दोनशेच्या खाली यायला हवं होतं. सातशे. पाचशे. एक दिवा विझला, उरलेला लाल झाला. आजीने कळशी पुढे ढकलली, मी तिचं मनगट धरलं.

"खाली चार्जिंग अजून चालू आहे का?" इंजिनीअरांनी विचारलं.

मी जिन्याकडे धावले. बोर्डावर फोन, दोन लॅपटॉप, कुणाचा तरी मिक्सर. सगळं उपटलं. पहिल्या सॉकेटमध्ये माझाच फोन होता. पुण्याच्या मुलीशी बोलायचं म्हणून सकाळी सर्वांत आधी मीच लावला होता.

वर आले तेव्हा मीटर एकशे ऐंशीवर होता. आजीने कळशी धारेखाली धरली. पाणी कळशीच्या गळ्याशीही पोचलं नव्हतं, तेवढ्यात पंप कण्हला आणि थांबला.

आजीने कळशी हलवून आवाज ऐकला. "पुरेल?"

"उद्या सकाळपर्यंत."

"मग उद्या आधी हे. तुमचे फोन मग."

पदर कळशीवर ओढून ती एकेक पायरी उतरत गेली. मी मागोमाग उतरले आणि बोर्डाशेजारची यादी काढून घेतली. खालून बाळाचं रडणं येत होतं. पाणी उकळून निवेपर्यंत ते येतच राहिलं. ते थांबेपर्यंत मी जिन्यात उभी होते, हातात यादी आणि माझा पूर्ण भरलेला फोन.