समोरच्याची बाजू

चष्मा काढून ते बातमीच्या कागदावर उताणा ठेवायचे आणि विचारायचे, "समोरच्याची बाजू आली का?" एवढं झालं की ती बातमी मेली, असं आम्ही वार्ताहर समजायचो.

देशभर खपणाऱ्या आमच्या दैनिकाच्या सुरत आवृत्तीचे हे संपादक. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील: व्यासपीठावर वाघ, आणि मालकांचा फोन आला की उभ्यानेच बोलणारी.

नियम चांगला होता, हेच दुखणं. सुरतेलगतच्या पलसाण्याच्या कापडमिलवाल्यांना तो पाठ झाला होता. ते बाजूच द्यायचे नाहीत. केव्हाही फोन लावा, उत्तर एकच: "शेठ बहार गया छे."

अशाच एका मिलमध्ये रंगाची टाकी साफ करायला उतरलेला धुळ्याकडचा कामगार गुदमरून मेला. वॉचमनने त्याच्या बायकोला फाटकातूनच हाकललं, म्हणाला, हा आमचा माणूसच नाही. मी तेवढंही बातमीत घातलं. साहेब म्हणाले, "वॉचमन म्हणजे बाजू नव्हे."

पेपरात आलं तर मिलला नाकारता येणार नाही, एवढीच तिची आशा. आमच्या जिन्याखालच्या बाकावर येऊन बसायची, कधी छापून येईल तेवढंच विचारायची. "भाऊ, पेपरमा कवय येई?" मी वर जायचो, चष्मा उताणा पडायचा, खाली येऊन सांगायचो, "साहेब म्हणाले, बघू."

पुढे ती येईनाशी झाली. त्याच शेठच्या मुलाच्या लग्नाचा फोटो मात्र आम्ही छापला. तेव्हा कुणाची बाजू लागली नाही. त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यात गेला तो गेलाच.

फोटो आतल्या पानावर गेला म्हणून शेठ रुसले, जाहिराती थांबल्या, आणि मालकांनी साहेबांना घरी बसवलं. पेपरात दोन ओळी आल्या: प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा.

"साफ खोटं! मी ठणठणीत आहे," ते मला फोनवर ओरडले. "मला काढलंय. माझी बाजू कुणी विचारली?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आले. वर सोडायचं नाही असा हुकूम होता, म्हणून जिन्याखालच्या त्याच बाकावर बसले. त्यांचं म्हणणं घेऊन मी नव्या संपादकांकडे गेलो. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

खाली आलो. चष्मा मांडीवर उताणा होता.

"येईल ना हो? कधी येईल?"

मला हसू यायला हवं होतं. या घटकेची मी किती वाट पाहिली होती! आलं नाही.

"साहेब म्हणाले, बघू."

त्याचा अर्थ त्यांच्याइतका कुणाला ठाऊक असणार? तरी ते बसून राहिले.