दादरीवरचे भारीट

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी माझ्या बायकोने चहा गाळला, आणि दुपारी ती वारली.

आम्ही संक्रांतीसाठी नंदुरबारहून गावी आलो होतो. गाव रनाळ्याच्या बाजूला आहे. तिथे माझा थोरला भाऊ शेती करतो. मी त्याला दादा म्हणतो. मी कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालो. बायको माझ्याहून कमी शिकलेली, पण पाखरं आणि तारे तिला माझ्याहून जास्त कळत.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याला जिथे ठेवलं होतं तिथे रात्री थोडं पीठ पसरतात, जवळ दिवा लावतात आणि पिठावर टोपलं झाकतात. सकाळी घरातल्या बायका टोपलं उचलून पाहतात. पिठात ज्याचं पाऊल उमटलं असेल, त्याचा जन्म मिळाला असं मानतात. शिकत असताना मी यावर हसलो आहे. त्या सकाळी मात्र बायकांच्या मागे जाऊन उभा राहिलो.

माझी आत्या वाकली आणि म्हणाली, "दख, चिडीना पाय शेतस. चिडी व्हयी गयी बाई."

वहिनीने पदराने डोळे पुसले. दादा दारात उभा होता. तो गोठ्याकडे गेला. मी पिठाकडे पाहत राहिलो. चिडी म्हणजे पाखरू. पिठात बारीक रेघा होत्या. पुढे तीन आणि मागे एक, असं वाटलं. मग वाटलं, पुढे चार आहेत. मी चष्मा पुसेपर्यंत आत्याने पीठ गोळा केलं होतं. त्या रेघा मला अजून आठवतात, आणि दर वेळी निराळ्या आठवतात.

हिवाळ्यात आमच्या वावरात भारीट येतात. पिवळ्या पोटाची, चिमणीएवढी पाखरं. वायव्येकडून, डोंगर आणि वाळवंटं ओलांडून येतात, आणि दादर दाण्यावर आली की थव्याने कणसांवर बसतात. दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी, घराची वर्षाची भाकरी. पोरवयापासून दादा वावरातल्या उंच माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरं हाकत आला आहे. बायकोला ते दगड सहन होत नसत. पण थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची आमच्या घरात रीत नाही. त्यामुळे अंगणात आम्ही तिघंही असलो तरी ती पदर पुढे ओढून मला सांगे, "सांगा तुमच्या दादाला, एवढीशी पाखरं रात्ररात्र उडत, ताऱ्यांवरून वाट काढत येतात. त्यांना दगड कसले मारता?"

दादा मलाच सांगे, "तिले सांग, पाखरं खातीन, मंग आपन काय खासूत?"

दोघांचं सगळं बोलणं इतकंच. तेही माझ्यामार्फत.

तेरावं झालं तरी मी नंदुरबारला परतलो नाही. का राहिलो ते नीट सांगता येत नाही. सकाळी तिची दुर्बीण घेऊन वावरात जायचो आणि भारीट पाहत बसायचो. दोन-तीन सकाळी गेल्यावर लक्षात आलं की पाखरं उडतच नाहीत. दादा माळ्यावर होता, पण गोफण त्याच्या गळ्यात तशीच लोंबत होती. बांधाकडची कणसं निम्मी पोकळ झाली होती.

जेवताना वहिनी त्याला म्हणाली, "जित्ती व्हती तवय दोन शबद बोलनात नही तिनासंगे. आते सगळी दादर तिले खावाडी ऱ्हायनात."

दादा भाकरी मोडत म्हणाला, "खाऊ दे. घरनीच शे."

मला हसू आलं आणि हातातली भाकरी मी तशीच ताटात ठेवली. त्या वेळी मला नेमकं काय झालं होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दिवेलागणीनंतर मी खळ्यावर जायचो. तिथून आभाळ मोकळं दिसतं. शर्मिष्ठा तारकासमूहाच्या खाली, देवयानीत, एक पुसट डाग आहे, दुसरी आकाशगंगाच ती, धुरकट, बोटाने पुसल्यासारखा. तो उजेड निघाला तेव्हा माणूस माणूस झाला नव्हता, असं ती सांगायची. त्याच्याकडे थेट पाहिलं तर तो दिसत नाही, नजर जरा बाजूला ठेवावी लागते. तिला तो लगेच सापडे. मला कधी दिसायचा, कधी नाही. आता रोज शोधत होतो. दिसला असं वाटून मान वळवली की तिथे नुसता काळोख. दिसला होता की दिसावा असं वाटत होतं, ते कळेना.

एका संध्याकाळी दादा शेजारी येऊन बसला. बराच वेळ त्यानेही वर पाहिलं.

"मले ते काहीच दिसत नही," तो म्हणाला. मग मान खाली करून, "तू मास्तर शे. तूबी तिनासंगे पाखरं दखे. खरं सांग, ते पाय चिडीनाज व्हतात का?"

त्याने हे विचारल्यावर मला प्रश्नाचं ओझं कळलं. मी नाही म्हटलं तर उद्यापासून गोफण फिरेल आणि उरलेली दादर घरात येईल. हो म्हटलं तर वर्षभर विकतचं धान्य. एवढं सोपं होतं, आणि मी दोन्ही टाळलं.

मी म्हणालो, "दादा, टोपलाखाल चिडी कशी जाई?"

"जीव निंघी जास, त्याले टोपलं काय अडवी? मंग दुसरं काय व्हतं?"

पाल असेल, असं माझ्या मनात आलं. मी पाल म्हटलं असतं तर त्याच्या हिशोबाने ती पाल झाली असती. खरं सांगायचं तर, त्या क्षणी माझ्याही हिशोबाने.

म्हणून मी तिसरीच वाट काढली. आमच्या गोठ्याच्या भिंतीवर हिवाळाभर थिरथिरा असतो. काळसर पाखरू, तांबूस शेपटी सारखी थरथरवणारं. तेही लांबून येतं. मी दादाला सांगितलं की तिचा जीव थिरथिऱ्यावर होता. चिडी झालीच असेल तर ती गोठ्यावर बसली असेल. भारीटांत ती नाही, त्यांना खुशाल हाक.

दादाने विचार केला. "ते काय खास?"

"किडे."

"किडे?" दादा माझ्याकडे वळला. "काय बोलस भो. ती अंडंबी खाये नही, आनि किडे खाई? ती दानाज खाई."

सगळा युक्तिवाद मीच उभा केला होता आणि त्यात दादाचंच बरोबर होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो गोफण फिरवू लागला, पण दगड न घालता. दोरीचा नुसता फटकारा वाजे. थवा उठायचा, शेजाऱ्याच्या गव्हावरून वळसा घालून परत बसायचा. थोड्या दिवसांत तो उठेनासाही झाला. वहिनी बांधावर उभी राहून म्हणाली, "तुम्ही त्यास्ले वारा घाली ऱ्हायनात." दादा हसला नाही, पण थांबलाही नाही. मी माळ्याखाली दुर्बीण घेऊन बसलेलो. कित्येकदा एखाद्या भारीटावर नजर ठेवून मी वाट पाहिली, कशाची ते माहीत नाही. तो दाणा फोडायचा, चोच कणसाला पुसायचा आणि दुसरं कणीस धरायचा. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्याचं कारण मला स्वतःलाही पटवून देता आलं नाही.

मार्चमध्ये एका सकाळी वावरात आवाज नव्हता. भारीट रात्रीतून निघून गेले होते.

"तीबी गयी का?" दादाने विचारलं.

मी म्हणालो, "मले माहीत नही, दादा."

त्याने मान हलवली आणि विळा घेतला.

दादर कापून झाली. निम्मी घरात आली. मी अजून गावीच आहे.